कवडी गाईच्या डाव्या कुशीची कहाणी

ऐका बायांनो, कवडी गाईच्या डाव्या कुशीची कहाणी. हातात तांदूळ घ्या, चुळबूळ करू नका. आणि जिनं आज दारच्या गाईला काही गोडधोड चारलं असेल, तिनं जरा पुढं सरकून बसा. कहाणी तिचीच आहे.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगर असं पुण्यवान, की तिथला कावळासुद्धा आंघोळ केल्याशिवाय पिंडाला शिवत नसे. त्या नगरात एक तेली होता. म्हादबा त्याचं नाव. त्याची बायको बयजा. अंगणात लाकडी घाणा होता, घाण्याला भवऱ्या नावाचा बैल होता, आणि दारात एक गाय होती. तांबड्या अंगावर पांढऱ्या कवड्या उधळाव्या तसे तिच्यावर ठिपके, म्हणून तिचं नाव कवडी. भवऱ्या तिच्याच पोटचा.

कवडीनं तेल्याचं घर वर काढलं. दूध दिलं, शेण दिलं, वासरं दिली. बयजा रोज सकाळी धार काढायला बसे. धार काढताना तिचा कान कवडीच्या डाव्या कुशीला टेके. आत गुरगुर चाले. दूर कुठं घाणा फिरत असावा, तसा आवाज. बयजा म्हणे, "एक घाणा अंगणात, एक घाणा गाईच्या पोटात. दोन्ही फिरताहेत तोवर मला काळजी नाही."

मग काय झालं? सगळ्यांचं होतं तेच कवडीचं झालं. म्हातारी झाली. दूध आटलं. दात झिजले, कडब्याचं धाट चावेना. गुडघे धरले, उठताना कण्हू लागली. मग बयजा कडबा बारीक चिरी, कोमट पाण्यात भिजवी, कोवळं गवत हातानं भरवी. इतकं सगळं केलं. पण धार बंद झाली, तसा बयजेचा कान कुशीवरून उठला. दूध नाही, तर कान तरी कशाला लावायचा? बायांनो, खरी चूक ती इथं झाली. पुढं नगरानं केली ती नुसती शोभा.

त्या नगराला एक राणी होती. तिला पुण्याची हाव. कुणाला पैठणीची असते, कुणाला पाटल्यांची असते, तशी हिला पुण्याची. देवळाला कळस चढवून झाला. नदीला घाट बांधून झाला. जिथं नदी नव्हती तिथंही घाट बांधून झाला. मग तिनं राजाच्या उपाध्यांना विचारलं, "उपाध्ये, आता काय करू?"

उपाध्ये म्हणाले, "राणीसाहेब, नगरात सगळ्यांत म्हातारी गाय कोणती ते बघा आणि तिला गोग्रास घाला. म्हातारी गाय म्हणजे देवाच्या उंबऱ्याशी उभी. तिच्या पोटात घातलेला घास सरळ वर पोचतो."

म्हातारी गाय कुठं आहे? तेल्याच्या दारात आहे. मग राणी पालखीत बसली, पुरणपोळीचं ताट घेतलं, तेल्याच्या दारी आली. गाईला पोळी चारली, बयजेला कुंकू लावलं. ज्या बयजेला शेजारीणसुद्धा हळदीकुंकवाला सगळ्यांच्या शेवटी बोलवी, तिच्या अंगणात राणीची पालखी! बयजा हरखली. पदर सावरू लागली, दिसेल त्याला सांगू लागली.

म्हादबा घाण्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "अगं बयजे, म्हातारीला पुरण पचायचं नाही."

"तुम्ही गप बसा. राणी आलीय दारात."

"राणी येईल नि जाईल. पोट गाईचं आहे."

"आणि मान माझा आहे, त्याचं काय?"

म्हादबानं बैलाला हाकलं. त्याला ठाऊक होतं, घाणा एका जागी फिरतो आणि बायको दुसऱ्या जागी.

राणीनं घातलं, म्हणून प्रधानणीनं घातलं. प्रधानणीनं घातलं, म्हणून सावकारणीनं घातलं. सावकारणीनं घातलं, म्हणून जिच्या घरी पोरं ताक-भातावर निजत तिनंही उसनं तूप आणून घातलं. बयजेनं कडबा चिरायचा विळा आढ्याला खोचून ठेवला. म्हणाली, "सारं नगर भरवतंय, मी कशाला गवत चिरत बसू?"

श्रावण आला. नागपंचमीचे दिंड आले, सोमवारची खीर आली, शुक्रवारचं पुरण आलं. कवडीनं खाल्लं. का खाल्लं म्हणून विचारू नका. गोड होतं, मऊ होतं, दात नसलेल्या तोंडाला बरं वाटलं. तुम्ही नाही का खात? मग एक दिवस तिचं रवंथ थांबलं. जबडा हलेना. मान खाली घातली, डोळे अर्धे मिटले, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. जनावराला बरं नसलं की ते असंच उभं राहतं. पण नगर पुण्यवान ना! उपाध्ये आले, त्यांनी बघितलं, हात जोडले. म्हणाले, "ध्यान लागलंय हो, ध्यान!" मग बायकांनी फुलं वाहिली, आरती केली, आणि ध्यानस्थ गाईच्या तोंडात आणखी पुरण कोंबलं.

भाद्रपद आला. गौरी जेवल्या. गौरींच्या पानातलं घावन-घाटलं आलं, साखरभात आला, अनरसे आले. कवडीची खुरं तापली. पुढचे पाय भुईला टेकवेनात. ती गुडघ्यांवर बसली. समोर राणी उभी होती. उपाध्ये म्हणाले, "नमस्कार! राणीसाहेब, तुमच्या पुण्यापुढं गाय वाकली!" राणीचा ऊर भरून आला. बघा बायांनो. जिला पाय टाकवत नाही, तिनं गुडघे टेकले, तर तो नमस्कार झाला! उद्या तुमच्या सासूबाई कंबर धरून वाकल्या, तर त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्याल, की शेकायला वीट तापवाल? पण गाईला कोण वीट तापवतो? गाईला अनरसा!

मग पितृपंधरवडा आला. घरोघरी पितर जेवायला आले. कुणाचे आजोबा, कुणाची पणजी, कुणाचा लग्नाआधीच गेलेला काका. सगळ्यांच्या नावचं गाईचं पान काढलं, आणि गाय एकच. साऱ्या नगराचे पितर एका म्हाताऱ्या गाईच्या पोटात! भात गेला, वडे गेले, खीर गेली, घाईघाईत पत्रावळीही गेल्या. कवडीची डावी कूस फुगली. नगाऱ्यासारखी फुगली. म्हादबानं बोटानं वाजवून पाहिली. डब्ब डब्ब वाजली.

म्हणाला, "बयजे, हे काही बरं नाही. म्हातारी हातची जाईल."

बयजा चरकली. इतक्यात उपाध्ये आले. त्यांनी कूस बघितली आणि आभाळाकडं बघितलं. म्हणाले, "गर्भ आहे!"

म्हादबा म्हणाला, "अहो उपाध्येबुवा, तिचं वय काय? आणि वळू कुठला?"

"तेल्या, दैवी गर्भाला वळू विचारतोस? वसुबारस जवळ आली. त्या दिवशी गाय-वासराची पूजा. राणीसाहेबांची ही गाय भाकड राहील कशी? वसुबारसेला हिच्या कुशीत वासरू असणार!"

बातमी राजवाड्यात गेली. राणीनं हुकूम सोडला, "गाईचं डोहाळजेवण करा." मनात चरकलेली बयजा ते ऐकून पुन्हा फुलली. राणीच्या हातचं डोहाळजेवण आपल्या दारी! तिनं अंगण सारवलं, रांगोळी काढली. गाईकडं बघायला तेवढी सवड झाली नाही.

मग काय विचारता! दारात मांडव पडला. कवडीच्या पाठीवर हिरवी झूल आली, शिंगांवर फुलांची वाडी आली. गाईला ओटी कुठून आणायची? झुलीचं टोक धरलं, त्यात नारळ घातला. बायकांनी दोन झाकलेल्या वाट्या पुढं केल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर गोऱ्हा, बर्फी निघाली तर कालवड. कवडीनं दोन्ही वाट्यांवरून तोंड फिरवलं. सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "अगंबाई, लाजली!"

लाजली! तिचा श्वास अडकला होता, आणि म्हणे लाजली!

इतक्यात मांडवाच्या दाराशी एक म्हातारी आली. तोंडात दात नाही, पाय ओढतेय, डाव्या बाजूला पोट फुगलेलं. म्हणाली, "बायांनो, वाटसरू आहे. थोडी ऊन ऊन पेज द्या, नाहीतर नुसतं पाणी द्या."

राणी म्हणाली, "पेज कसली मागतेस? आज पंचपक्वान्नं आहेत. हिला लाडू द्या."

म्हातारी म्हणाली, "मला चावत नाही गं."

प्रधानीण म्हणाली, "मग करंजी खा."

म्हातारी म्हणाली, "मला पचत नाही गं."

बयजा पुढं झाली. म्हणाली, "आजी, निदान पोळी तरी खा. माझ्या दारातून कुणी तोंड गोड केल्याशिवाय जायचं नाही. लोक काय म्हणतील?"

म्हातारी म्हणाली, "मुली, माझं पोट फुगलंय, मला बसवत नाही. तुझ्या लोकांचं मी काय करू?"

राणी चिडली. म्हणाली, "आजीबाई, नखरे पुरे. खाल्लंस तर आम्हाला पुण्य लागेल. उघड तोंड!" आणि तिनं लाडू म्हातारीच्या तोंडाशी नेला.

तशी म्हातारी ताठ उभी राहिली. बोटानं लाडू बाजूला केला. म्हणाली, "पुण्य तुमचं, आणि पोट आमचं? हे कुणी ठरवलं? रवंथ बंद पडलं, त्याला ध्यान म्हणालात. खुरं जळली, त्याला नमस्कार म्हणालात. पोट फुगलं, त्याला गर्भ म्हणालात. आता प्राण जाईल, त्याला मोक्ष म्हणाल! तिला काय हवंय ते एकीनं तरी विचारलंत? घ्या. तुमचं पुण्य तुम्हीच पचवा!"

वाटसरू म्हातारी असं म्हणाली, तोच इकडं कवडी धाडकन कोसळली. पाय ताणले, जीभ बाहेर आली. अंगणातला भवऱ्या डोळ्यांवर झापडं असतानाही जागच्या जागी थांबला. घाणा बंद पडला.

आणि त्याच घटकेला राणीची डावी कूस टम्म फुगली. प्रधानणीच्या कमरपट्ट्याचा आकडा उडाला, तो तीन गल्ल्या ओलांडून सोनाराच्याच दुकानात जाऊन पडला. उपाध्यांचं पोट असं फुगलं, की सोवळ्याची गाठ सापडेना. ज्यानं जेवढं चारलं, तेवढं त्याच्या पोटात गेलं. कुणाला बसवेना, कुणाला निजवेना. राजवैद्याला बोलावू गेले, तर राजवैद्य स्वतःच्याच दारातून बाहेर येईना. त्यानंही एकादशीची खीर चारली होती.

सगळं नगर कण्हत होतं. एका बयजेचं पोट तेवढं जागेवर होतं. ती म्हातारीच्या पायाशी आली. म्हणाली, "माये, सगळ्यांना शिक्षा झाली, मला कशी नाही?"

म्हातारी म्हणाली, "तू तिला घातलंस काय? पुरण नाही, नि गवतही नाही. तुझं पोट कशाला फुगेल? तुझा मान फुगला होता. ती बघ कवडी, पडलीय अंगणात, तुझ्या मानाची झूल पांघरून."

बयजेनं कवडीकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं. मग ऊर पिटून रडू लागली. "माये, माझी गाय वाचव. हिनं माझं घर उभं केलं. हिला काय होतंय ते मला कळत नाही. मुकं जनावर आहे."

"मुकं?" म्हातारी म्हणाली. "ती रोज बोलत होती. तू रोज ऐकत होतीस. दूध होतं तोवर ऐकलंस. आता कान लाव."

बयजेनं झूल ओढून काढली. वाडी तोडून काढली. कवडीच्या डाव्या कुशीला कान लावला. आत काहीच नाही. अंगणातला घाणा थांबलेला, पोटातलाही घाणा थांबलेला. विहीर आटावी, तशी शांतता.

म्हातारी म्हणाली, "मुली, एक वसा सांगते, तो घे."

"काय वसा, काय विधी?"

"सकाळी उठावं. ताट घेऊ नये, रिकाम्या हातानं गोठ्यात जावं. गाईच्या डाव्या कुशीला कान लावावा. आत गुरगुरत असेल, तर तिला सोसेल ते चारावं, कोवळं गवत, भिजवलेली कुट्टी. आत गप्प असेल, तर हात जोडावे, घास मागं घ्यावा, जाणत्याला बोलवावं. सणाला पुरण केलं, तर आपण खावं. खूर बघावं, दात बघावे, मग तिच्या पाया पडावं. उतू नको, मातू नको, ताटाकडं बघून गाईला विसरू नको."

"आणि उद्यापन?"

"ह्याला उद्यापन नाही. गाय आहे तोवर वसा आहे. दूध आहे तोवर नव्हे, गाय आहे तोवर. ऊठ आता, रडत काय बसलीस? तेल्याची ना तू?"

बयजा उठली. म्हादबानं घाण्यावरचं ताजं गोडंतेल आणलं. बयजेनं त्यात ओवा घातला, हिंग घातला, सुंठ घातली. राणी कण्हत म्हणाली, "आधी मला दे गं ते!" म्हातारी म्हणाली, "गाईची सुटका झाली, की तुझी होईल. तोवर उठून ये, कूस चोळ." मग काय, राणीनं पालखी सोडली, पदर खोचला, गुडघे टेकून गाईची कूस चोळू लागली. उपाध्यांनी वेळूची नळी धरली. म्हादबानं कवडीची मान उचलून धरली, बयजेनं जपून जपून तेल पाजलं. ठसका लागू नये म्हणून दर घोटाला थांबली. कडुलिंबाची काडी तोंडात आडवी बांधली, म्हणजे कवडी ती चघळील, आणि जबडा हलेल.

एकदा चोळलं. बयजेनं कान लावला. काही नाही. दुसऱ्यांदा चोळलं. कान लावला. काही नाही. सावकारीण हळूच म्हणाली, "थोडा गूळ दिला तर?" सारं नगर फुगल्या पोटानं तिच्यावर ओरडलं, "गप बस!"

तिसऱ्यांदा चोळलं. राणीच्या बांगड्या पिचल्या, हात भरून आले, पण तिनं हात काढला नाही. बयजेनं कान लावला आणि श्वास धरला. खोल, दूर, कुठंतरी, गुर्र झालं.

बयजेनं नुसता हात वर केला.

मग कवडीनं मान लांब केली आणि ढेकर दिली. ती ढेकर साधी नव्हती बायांनो. पितृपंधरवड्याची होती. मांडव उडून शेजारच्या आळीत पडला. आणि तिच्यामागोमाग साऱ्या नगराची ढेकर निघाली. राजवाड्याची कौलं उतरली, देवळातल्या घंटा आपोआप वाजल्या. पलीकडच्या गावातल्या लोकांना वाटलं, शत्रू आला. ते तोफा घेऊन वेशीपर्यंत येऊन परत गेले. उपाध्यांची ढेकर संध्याकाळी सुरू झाली, ती दुसऱ्या दिवशीच्या पूजेतही मंत्रांच्या मधे मधे येतच राहिली. खोटं वाटत असेल, तर त्या नगरात जाऊन बघा. अजून तिथली कौलं वाकडी आहेत.

सगळ्यांनी वळून पाहिलं, तर म्हातारी नाही. दारात नुसते खुरांचे ठसे. ते गोठ्याकडं गेलेले, परत आलेले नव्हते.

मग बयजेनं आढ्यातला विळा काढला. कवडीला रवंथ येईस्तोवर पाण्याशिवाय काही दिलं नाही. वाढलेली खुरं साळून घेतली, तिला ओल्या थंड मातीत उभी केली. हळूहळू गवताची काडी, मग मूठ, मग पेंढी. रोज सकाळी आधी कान, मग घास. कुणी ताट घेऊन आलं, तर बयजा दारात आडवी उभी राही. म्हणे, "ताट खाली ठेवा. आधी कान लावा." कुणी रागावून गेलं. बयजेनं जाऊ दिलं. ज्या मानासाठी तिनं गाय मरणाच्या दारी नेली, तो मान तिनं असा दारातून माघारी पाठवला.

मग वसुबारस आली. राणी पायी आली, पालखी नाही. ताटात फुलं, हळदकुंकू, आणि एक मूठ कोवळं गवत. पण चेहरा उतरलेला. म्हणाली, "बयजे, पूजा गाय-वासराची. हिला वासरू कुठलं? वासराशिवाय पूजा कशी होईल?"

उपाध्ये पोटावर हात ठेवून गप्प राहिले. काही बोलायला गेले, की अजून ढेकर येई.

बयजा घाण्याकडं गेली. भवऱ्याच्या मानेवरचं जू उतरवलं, डोळ्यांवरची झापडं सोडली, त्याला कवडीपाशी आणून उभा केला. म्हणाली, "हे काय वासरू!"

प्रधानीण फिसकन हसली. "हे वासरू? अगं, ह्याची शिंगं बघ केवढी!"

बयजा म्हणाली, "शिंगं फुटली, म्हणून आईचा राहिला नाही? बाईसाहेब, तुमच्या प्रधानांना मिशा आल्या, म्हणून सासूबाईंनी त्यांना वाटेवर सोडून दिलं का?"

भवऱ्यानं डोळे मिचकावले. घाणा फिरता फिरता त्यानं कितीतरी वर्षं आईला नीट बघितलंच नव्हतं. त्यानं ते थोराड डोकं खाली केलं आणि कवडीच्या हनुवटीखाली घातलं. कवडीनं त्याच्या मानेवरचा जुवाचा घट्टा हुंगला. मग खरखरीत जिभेनं चाटू लागली. आदल्या दिवशी जन्मलेलं वासरू चाटावं, तशी चाटली.

राणीनं कुंकू बाजूला ठेवलं. आधी कवडीच्या डाव्या कुशीला कान लावला. आत घाणा फिरत होता. राणी बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग मुठीतलं गवत पुढं केलं. कवडीनं हुंगलं, आणि आपल्या मनानं, सावकाश, खाल्लं. त्या दिवसापासून राणीनं पुण्याचं नाव काढलं नाही.

कवडी जगायची तेवढी जगली. दूध दिलं नाही, वासरू दिलं नाही, काही दिलं नाही, तरी जगली. आणि गेली तेव्हा बयजेच्या मांडीवर डोकं ठेवून, मोकळ्या पोटानं गेली. तेल्याच्या घरी कशाला उणं पडलं नाही. घाणा फिरत राहिला, आणि वसुबारसेला भवऱ्याला सुट्टी.

जशी ती म्हातारी त्या नगरावर कोपली, तशी कुणावर न कोपो. जशी कवडीची कूस बोलती झाली, तशी तुमच्या-आमच्या दारच्या मुक्या जिवांची होवो, आणि ती ऐकायला आपल्याला कान मिळो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचंही तेच, ते वेगळं सांगत नाही. तांदूळ वाहा. साठां घासांची ही कहाणी पांचां उत्तरी पचली, सुफळ संपूर्ण झाली.